आधी पाण्याला वाट, मग मुक्काम: कोरडवाहू काळ्या रानाची पावसाच्या दोन्ही टोकांसाठी तयारी

मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू शेतीची अडचण आता नुसत्या कमी पावसाची राहिलेली नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि सोयाबीन फुलोऱ्यात असताना रानांना भेगा पडल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, सोलापूर भागात पिके पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी तर माती खरडून गेली. म्हणजे एकाच शेताला तीन आठवड्यांचा खंड सोसायचा आहे आणि एका रात्रीत पडणारा ६५ मिलिमीटर पाऊसही. महसुली नोंदीत ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी म्हणतात. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी टाकतो. त्या हिशेबाने अतिवृष्टीच्या एका दिवसात प्रत्येक एकरावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी येते. ते कुठून जाईल, किती थांबेल आणि जाताना काय घेऊन जाईल, हे पेरणीआधीच ठरवून ठेवता येते.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी बहुतेक शेतातल्याच आहेत: माती, गवत, बांधावरची झाडे, पिकांची मुळे आणि काढणीनंतर उरणारा काडीकचरा. मात्र कामाचा क्रम चुकवू नका. आधी जादा पाण्याला सुरक्षित वाट, मग उरलेल्या पाण्याला रानात थांबायला जागा आणि शेवटी मातीवर आच्छादन. बरेच जण शेवटून सुरुवात करतात, कारण आच्छादन लगेच दिसते आणि फोटोतही छान येते. भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय न करता आच्छादन टाकले की रान चिबडते, पीक पिवळे पडते आणि दोष आच्छादनाला जातो.

एप्रिल-मे: रानाची पाहणी

पहिले काम मागच्या पावसाळ्याच्या खुणा शोधण्याचे. बांध कुठे फुटला होता, ओघळ कुठून सुरू होते, वरच्या शेजाऱ्याचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, खालच्या अंगाला गाळ कुठे साचला आहे, अशा प्रत्येक जागी खुंटी ठोका. चालू पावसाळ्यात एकदा तरी जोराच्या सरीत, विजा नसतील तेव्हा, रानातून चालत जा. पाण्याची खरी वाट त्या अर्ध्या तासात जेवढी कळते तेवढी कोणत्याही नकाशावरून कळत नाही.

ढाळ मोजायला पाणनळी पुरते. एक सेंटीमीटर जाडीची पारदर्शक नळी १५ ते २० मीटर लांब घ्या, दोन सारख्या काठ्यांवर सेंटीमीटरच्या खुणा करून नळीची टोके त्यांना बांधा आणि पाणी भरा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळे माप खोटे येते, म्हणून आधी दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पाणी एकाच खुणेवर येते का ते बघा. मग एक काठी जागेवर ठेवून दुसरी १० मीटरवर न्या. दोन्हीकडच्या खुणांतला फरक हा त्या १० मीटरमधला ढाळ. ५ सेंटीमीटर फरक म्हणजे अर्धा टक्का, ३० सेंटीमीटर म्हणजे तीन टक्के.

तिसरी पाहणी मातीची. सुमारे १५ सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही बाजू कापा आणि तो ५ ते ७ सेंटीमीटर जमिनीत ठोका. त्यात ४५० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे एक इंच पाऊस झाला. पाणी जिरायला किती मिनिटे लागतात ते वहीत लिहा. दरवेळी चाचणी करताना जमिनीत ओल सारखीच असली पाहिजे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पाणी भेगेतून झटकन जाते आणि जमीन चांगली असल्याचा भ्रम होतो. म्हणून ही चाचणी पावसाळ्यात, भेगा मिटल्यावर आणि वाफसा (मशागतीजोगी ओल) असताना करा. मेमध्ये करायची ती ढेकळाची परीक्षा: सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. दोन-तीन मिनिटांत त्याचा चिखल झाला तर मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आहेत, पहिल्याच पावसात वरचा थर लिंपल्यासारखा बसणार आणि पाणी वरून वाहणार. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्याच्या खाली असेल तर ढेकळाची परीक्षा सहसा अशीच येते.

जादा पाण्याची वाट

इथे हलक्या आणि भारी जमिनीचे नियम वेगळे होतात, आणि हा फरक न पाळल्यामुळे बांधबंदिस्तीचा बराच पैसा वाया गेला आहे. मुरमाड, हलक्या जमिनीत पाणी लवकर जिरते. तिथे समपातळी बांध, म्हणजे एकाच पातळीवरून जाणारे आणि पाणी अडवून धरणारे बांध, चालतात. भारी काळ्या जमिनीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. तिथे समपातळी बांधामागे तळे साचते, पिकाच्या दोन-तीन ओळी पिवळ्या पडतात आणि उन्हाळ्यात बांधाला पडलेल्या भेगांतून पाणी घुसून बांध फुटतो. म्हणून भारी जमिनीत ढाळीचे बांध घाला. बांधाच्या रेषेलाच १० मीटरला २ ते ४ सेंटीमीटर इतका हलका उतार द्यायचा, म्हणजे पाणी सावकाश चालत एका बाजूच्या वाटेला लागते.

बांध घालताना माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत टाका, ढेकळे फोडा, शक्य असेल तर थोडे पाणी मारून धुम्मसाने दाबा. जेसीबीने एकदम टाकलेल्या ढेकळांच्या बांधात पोकळ्या राहतात. पहिल्या मोठ्या पावसात त्यांतून पाणी वाट काढते आणि पुढचे काम उंदीर-खेकडे करतात. बसल्यानंतर बांध ४५ ते ६० सेंटीमीटर उंच राहायला हवा, म्हणून घालताना उंचीच्या पाव हिश्श्याने जास्त उंच घाला.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची ठरवलेली जागा, नसलेला बांध म्हणजे कधीतरी फुटणारा बांध. अडीच एकरांचे पाणी येत असेल तर किमान एक ते दीड मीटर रुंद सांडवा ठेवा. त्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा २० ते ३० सेंटीमीटर खाली हवी. तळाला आणि पाणी जिथे पडते तिथे दगड बसवा. दगड नुसते ओतू नका, मोठे खाली आणि लहान फटींत असे रचा. पडणाऱ्या पाण्याखाली दगड नसले तर पाणी उलटे कोरत वर येते आणि दोन पावसाळ्यांत सांडवाच बांधाला खातो.

सांडव्यातले पाणी जाते ती वाट उथळ आणि रुंद ठेवा: तळ दीड ते दोन मीटर, खोली ३० सेंटीमीटर, बाजू इतक्या सपाट की बैलगाडी आडवी जाईल. त्यात गवत लावा. मारवेल उत्तम, ते माती धरते आणि वैरणीलाही चांगले. हलक्या जमिनीत पवना चालतो. हरळी फार लवकर पसरते आणि माती घट्ट धरते म्हणून मोह होतो, पण काळ्या रानात एकदा शिरलेली हरळी काढताना जो त्रास होतो तो लक्षात घेता ती वाटेत लावू नये. ही वाट नैसर्गिक ओघळीला किंवा नाल्यालाच जोडा. खालच्या शेजाऱ्याच्या बांधावर पाणी सोडून दिले तर पुढच्या वर्षी तुमचा सांडवा माती टाकून बंद झालेला सापडेल. त्याच्याशी आधी बोलून, दोन्ही शेतांची वाट एका रेषेत आखणे हेच टिकते. गावाने मिळून केले तर आणखी बरे. हिवरे बाजारने पाणलोटाची कामे टिकवली ती कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी सोबत पाळली म्हणून. उन्हाळ्यात मोकाट जनावरे फिरली तर पहिल्या वर्षाचे गवत मुळासकट जाते.

बांधाच्या वरच्या अंगाला, पाणी प्रथम टेकते त्या रेषेत खस (वाळा) लावा. दोन-तीन फुटव्यांची ठोंबे घ्या, पाने १५ ते २० सेंटीमीटर आणि मुळे ८ ते १० सेंटीमीटर ठेवून छाटा आणि जुलैच्या झडीत १० ते १५ सेंटीमीटरवर एकेक लावा. यापेक्षा विरळ लावली तर फटींतून पाणी जोराने जाते आणि ओळ उपयोगाची राहत नाही. तीन आठवड्यांत तुटाळी (न रुजलेल्या ठोंबांच्या जागा) भरा. पुढे वर्षातून दोनदा फूटभर उंचीवर कापली की फुटवे वाढतात आणि ओळ दाट होते. लागवडीची खस बी धरून रानात पसरत नाही, म्हणून तिची भीती नको.

पेरणी: रुंद वरंबा आणि सरी

वाट तयार झाली की पाण्याला रानात थांबवण्याचे काम. भारी आणि मध्यम जमिनीत यासाठी रुंद वरंबा-सरी, म्हणजे बीबीएफ, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनींसाठी ही पद्धत अभ्यासली, आणि आज गावोगाव ट्रॅक्टरची बीबीएफ यंत्रे मिळतात. सोयाबीनसाठी एक चांगला आराखडा असा: ३७ ते ३८ सेंटीमीटर अंतराच्या चार ओळी एका वरंब्यावर, बाजूला वर ४० ते ४५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल सरी, आणि एका सरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १८० सेंटीमीटर. जोराचा पाऊस झाला तर सरी जादा पाणी बाहेर नेते. पावसाने दडी मारली तर सरीत जिरलेली ओल दोन्ही बाजूंच्या मुळांना मिळते.

सरीत किती पाणी मावते त्याचा हिशेब करून बघा. वर ४० आणि तळाला २० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर खोल सरीच्या एका मीटरमध्ये ४५ लिटर पाणी राहते. एका एकरात अशा सुमारे २,२५० मीटर सऱ्या होतात. म्हणजे एक लाख लिटर, जवळपास २५ मिलिमीटर पाऊस. पण सरीला उतार असतो, म्हणून सगळे पाणी खालच्या टोकाला पळते. जुलैच्या शेवटी हवामान खात्याचा अंदाज कोरडा असेल तेव्हा दर ८ ते १० मीटरवर फावडेभर मातीचा छोटा आडवा बंधारा सरीत टाका, उंची सरीच्या निम्म्याने. पुढची हलकी सर तिथेच अडते. सप्टेंबरमध्ये मोठ्या पावसाचा इशारा आला की हेच बंधारे एका फावड्यात फोडता येतात. एक माणूस अर्ध्या दिवसात एकराचे हे काम उरकतो.

सऱ्या ढाळाला आडव्याच घ्या, त्यांना १० मीटरला ४ ते ८ सेंटीमीटर उतार राहील अशा बेताने. बीबीएफ फसते त्यात सर्वांत मोठा वाटा उताराच्या दिशेने पेरण्याचा असतो. रान लांबट असले की ट्रॅक्टरवाला लांबीच्या बाजूने चालतो, कारण वळणे कमी पडतात. लांबीची बाजू ढाळाची असेल तर प्रत्येक सरीची ओघळ होते. भाडे ठरवतानाच दिशा सांगा आणि खुंट्या ठोकून ठेवा. तीन टक्क्यांपेक्षा जास्त ढाळ असलेल्या रानात बीबीएफ करू नका. मुरमाड जमिनीतही नको, कारण तिथे वरंबा लवकर वाळतो.

दुसरी चूक वेगाची. ट्रॅक्टर जोरात पळवला की सरी उथळ पडते आणि बी कुठे खोल, कुठे उघडे राहते. सोयाबीनचे बी ३ ते ४ सेंटीमीटरवर पडले पाहिजे. पाच सेंटीमीटरच्या खाली गेले आणि वर पावसाने पापुद्रा धरला तर कोंब माना मोडून आतच राहतात. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर यंत्र थांबवून माती उकरून खोली बघा, मगच पुढे जाऊ द्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय पेरणी नको. बी घरचे असेल तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघा. ७० च्या वर कोंब आले तर नेहमीचे प्रमाण चालेल. या पद्धतीत एकरी ३० किलोऐवजी २२ किलोच्या आसपास बी पुरते.

यंत्र मिळाले नाही तरी अडत नाही. तिफणीने किंवा साध्या पेरणी यंत्राने दर चार ओळींनंतर पाचवी ओळ रिकामी ठेवा आणि पीक ३० ते ३५ दिवसांचे झाले की त्या रिकाम्या जागी डवऱ्याला दोरी घट्ट गुंडाळून मृत सरी पाडा. बैल नसतील तर सायकल कोळप्यालाही लहान फाळ लावून हे जमते. उशीर करू नका, कारण सोयाबीनच्या फांद्या एकमेकींत शिरल्यावर सरी काढताना फुले झडतात.

सोयाबीन एकटे पेरू नका हे आवर्जून सांगायचे आहे. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर हे जुने, परीक्षित प्रमाण आहे. सोयाबीन ९५ ते ११० दिवसांत निघते. तुरीची मुळे खोल जातात, ती परतीच्या पावसाची ओल वापरते आणि तिची गळलेली पाने रानातच राहतात. ऑगस्टचा खंड सोयाबीनला मारतो तेव्हा तूर हात देते. पण तुरीला पाण्यात उभे राहणे अजिबात सोसत नाही, मर लागते. म्हणून तुरीची ओळ सरीच्या काठच्या उंचवट्यावर यावी, खोलगट जागी नको.

बांधावरचा गिरिपुष्प

रानातल्या मातीला कर्ब द्यायचा तर तो कुठून आणायचा हा खरा प्रश्न आहे. शेणखत सगळ्यांकडे पुरेसे नसते, विकतचे परवडत नाही. गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, हे त्याचे बांधावर उगवणारे उत्तर आहे. काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड हवेतला नत्र धरते, छाटले की जोमाने फुटते आणि गुरे त्याला सहजासहजी तोंड लावत नाहीत. मोकाट चराईच्या गावात हा शेवटचा गुण फार मोलाचा.

लागवड दोन प्रकारे होते. छाट कलम करायचे तर वर्षाहून जुनी, अंगठ्यापेक्षा जाड, साल तपकिरी झालेली फांदी घ्या. एक मीटर लांब तुकडा करा, खालचे टोक तिरपे कापा आणि पाऊस लागल्यावर २० ते ३० सेंटीमीटर खोल रोवा. हिरव्या, कोवळ्या फांद्या रोवल्या तर त्या आठ दिवस हिरव्या दिसतात आणि मग कुजतात. छाटाची मुळे वरवर पसरतात. बियांपासून केलेल्या रोपाचे सोटमूळ खोल जाते आणि दुष्काळात ते जास्त तग धरते. आमचा कौल कोरडवाहू रानात रोपांनाच. बी रात्रभर पाण्यात भिजवून एप्रिलमध्ये पिशव्यांत लावा, जुलैत दीड-दोन फुटांचे रोप बांधावर जाते.

अंतर ५० सेंटीमीटर. चौरस एकराला चारी बाजूंनी मिळून सुमारे २५० मीटर बांध असतो. वाट, सांडवा आणि सामाईक बाजू वगळता १५० मीटर मिळाला तर ३०० झाडे बसतात. सामाईक बांधावर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय लावू नका. पहिले वर्ष छाटू नका. दुसऱ्या वर्षापासून जमिनीपासून पाऊण ते एक मीटरवर छाटा. यापेक्षा उंच वाढू दिले की पिकाच्या शेजारच्या दोन ओळींवर सावली पडते, आणि तीन वर्षे दुर्लक्ष झाले तर सरळ झाडच होते, मग कुऱ्हाड लागते. पहिली छाटणी पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी, दुसरी जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, तिसरी पाऊस असेल तर ऑक्टोबरमध्ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात. त्यानंतर शेंगा तडकून बी पडते, म्हणून बियाण्यापुरती दोन-चार झाडे ठेवून बाकीच्या शेंगा काढा.

तिसऱ्या वर्षापासून एका छाटणीला झाडामागे किलो-दीड किलो हिरवा पाला धरला तर ३०० झाडांपासून दोन-तीन छाटण्यांत वर्षाला सुमारे एक टन पाला मिळतो. तो किती खत देतो याबद्दल फार वाढवून बोलले जाते. हिरव्या पाल्यात तीन चतुर्थांश पाणीच असते. उरलेल्या अडीचशे किलो सुक्या पाल्यात अडीच ते तीन टक्के नत्र, म्हणजे सहा-सात किलो. युरियाच्या भाषेत १३ ते १५ किलो. एकराची सगळी गरज यातून भागणार नाही. पण युरिया मातीला कर्ब देत नाही, पाला देतो. दरवर्षी न चुकता पडणारा हा पाला चार-पाच वर्षांत ढेकळाची परीक्षा बदलतो, त्यासाठी तो लावायचा. गुरांना घालायचा असेल तर अर्धा दिवस सुकवून, इतर वैरणीत मिसळून थोडा-थोडा द्या. घोड्यांना तो विषारी आहे, त्यांच्यापासून दूर ठेवा.

आच्छादन: थोड्या जागेत, पण पुरेसे

आता पांघरुणाची वेळ. पाच सेंटीमीटर जाडीचे आच्छादन करायला एकरी सुमारे दोन टन सुका काडीकचरा लागतो. आठ क्विंटल सोयाबीन झाले तर कुटारही (मळणीनंतरचा भुसा) साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त निघते, आणि त्यातले बरेच गुरांना लागते. म्हणजे सगळ्या रानाला पुरेल इतके आच्छादन तुमच्याकडे नाही, हे मान्य करून पुढे जा. सगळीकडे विरळ पसरलेले कुटार आठ दिवसांत उडते, कुजते आणि ओल राखत नाही. त्यापेक्षा रानाचे तीन भाग करा आणि दरवर्षी एका भागात पुरेसे टाका, किंवा फक्त तुरीच्या आणि कपाशीच्या ओळींत टाका. कपाशीत दोन ओळींमधल्या जागेत ताग पेरून फुले येण्याआधी, ३० ते ३५ दिवसांनी, कापून तिथेच आडवा पाडला तर आच्छादन रानातच तयार होते. उशीर झाला तर ताग राठ होतो आणि कपाशीला झाकतो.

गिरिपुष्पाचा पाला तीन-चार आठवड्यांत विरघळतो. तो खत म्हणून उत्तम, ओल राखायला कमी पडतो. म्हणून खाली पाला आणि वर कुटार किंवा बारीक केलेल्या तुराट्या, असा थर द्या. सुका, काष्ठमय कचरा नुसताच मातीत गाडू नका. तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नत्र आधी स्वतः वापरतात आणि पीक काही आठवडे पिवळे राहते. वर पसरलेल्या थराने हा त्रास जवळजवळ होत नाही.

आच्छादन कधी टाकायचे? पीक २५ ते ३० दिवसांचे झाल्यावर, एक डवरणी-खुरपणी होऊन, रानात ओल असताना. कोरड्या जमिनीवर टाकलेले आच्छादन पुढचा हलका पाऊस स्वतःच पिऊन घेते. रोपाच्या खोडाला चिकटवू नका, चार बोटे जागा सोडा, नाहीतर खोडकूज लागते. वाळवीची वस्ती असलेल्या हलक्या जमिनीत जाड काड्या टाळा.

लातूर, बीड, धाराशिव भागात एक वेगळी काळजी घ्यावी लागते. २०२२ मध्ये इथे शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले. दिवसा त्या कचऱ्याखाली आणि बांधाच्या गवतात लपतात. जिथे त्या दिसल्या आहेत तिथे पेरणीपासून महिनाभर रानात काहीही पसरू नका, बांधालगतची एक मीटर पट्टी स्वच्छ ठेवा आणि तिच्यावर चुन्याचा चार इंची पट्टा ओढा. पावसाने चुना धुतला की पुन्हा टाका. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे जागोजागी ठेवा. पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. मीठ रानात टाकू नका.

पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, नियमही वेगळा. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या उरलेल्या बोंडांत राहते. डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा, फरदड (त्याच झाडांचे वाढवलेले पुढचे पीक) घेऊ नका. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून शेणकाला शिंपडून खड्ड्यात किंवा ढिगात कुजवा आणि मगच रानात आणा. जाळू नका. एका एकराची पऱ्हाटी जाळली की गिरिपुष्पाने वर्षभर दिलेल्या कर्बाहून जास्त कर्ब धुरात जातो.

शेततळे कधी, कसे

एवढे झाल्यावरही खंड लांबला तर एका पाण्याची गरज पडते. ढाळीच्या बांधांची वाट जिथे उतरते तिथे २० × २० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असे तळे साडेआठ लाख लिटरच्या आसपास पाणी धरते. ५० मिलिमीटरचे एक पाणी एका एकराला दोन लाख लिटर घेते, म्हणजे गळती-वाफ धरून तीन-साडेतीन एकरांना एकदा देता येते. ते तुषार सिंचनाने, शेंगा भरण्याच्या वेळी द्या. काळ्या चिकणमातीत बहुतेक वेळा अस्तर लागत नाही, मुरूम लागला तर लागते. तळ्याच्या तोंडाशी गाळ बसायला दीड-दोन मीटरचा छोटा खड्डा ठेवा आणि तो दरवर्षी उपसा. तळ्यात फक्त वाहून येणारे पावसाचे पाणी घ्या. बोअरचे पाणी उपसून उघड्या तळ्यात भरणे म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात मांडणे. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी वाफेने जाते, आणि शेजारच्या विहिरी आटतात त्या वेगळ्या.

तिसऱ्या वर्षाची तपासणी

डब्याची चाचणी दरवर्षी त्याच खुंटीजवळ, जुलैच्या वाफशाला करा. आच्छादन पडलेला भाग आणि न पडलेला भाग असे दोन आकडे वहीत शेजारी लिहा. तीन वर्षांनंतरही मिनिटे कमी झाली नाहीत तर अडचण खाली आहे. चांगला पाऊस झाल्यावर बोटाएवढी जाड लोखंडी सळई हाताने दाबून बघा. १५ ते २० सेंटीमीटरवर ती अडत असेल तर वर्षानुवर्षे रोटाव्हेटर फिरल्याने तिथे घट्ट थर बसला आहे. तो असेपर्यंत वरचे कोणतेही काम पूर्ण फळ देणार नाही. मेमध्ये, जमीन पूर्ण कोरडी असताना, ढाळाला आडवा सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारे खोल फाळाचे अवजार) एकदा चालवा. ओल असताना चालवला तर तो थर न फोडता नुसती चीर पाडतो. त्यानंतर रोटाव्हेटर बंद ठेवा, वरंबे दरवर्षी न मोडता त्याच जागी डागडुजी करून वापरा, सोयाबीन उपटण्याऐवजी विळ्याने कापा आणि त्या पट्ट्यात पुढच्या खरिपात तूर घ्या, म्हणजे फुटलेल्या थरात तिची मुळे उतरतील.